सीमाशुल्काचा हिशेब नागरिकाला कळू द्या

परदेशात नोकरीला असलेल्या मुलाने आईवडिलांसाठी रक्तदाब मोजण्याचे यंत्र पाठवावे, अथवा तालुक्याच्या गावातील एखाद्या विज्ञानशिक्षकाने प्रयोगासाठी लागणारे छोटे उपकरण परदेशी विक्रेत्याकडून पदरचे पैसे घालून मागवावे, आणि काही दिवसांनी पार्सल घेऊन दारात आलेल्या पोस्टमनने ‘इतके रुपये भरा आणि ताब्यात घ्या’ असे सांगावे, हा प्रसंग महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांना आता अपरिचित राहिलेला नाही. वस्तूची किंमत तर आधीच चुकती झालेली असते. मग ही दुसरी रक्कम कशाची? घरातील एकजण म्हणतो, ही जकात. दुसरा म्हणतो, हा दंड असावा. तिसरा हळूच सुचवितो की ही मधल्या मंडळींची कमाई असणार. पोस्टमन बिचारा हुकमाचा ताबेदार. त्याच्याजवळ आकडा असतो, त्या आकड्यामागचा हिशेब नसतो. अखेर पैसे भरले जातात, पार्सल उघडले जाते, आणि मनातील शंका मात्र तशीच राहते.

ही शंका क्षुल्लक मानून चालणार नाही. कायद्याच्या अधिकारावाचून कोणताही कर लावता अथवा वसूल करता येणार नाही, असे भारतीय राज्यघटनेचे २६५ वे कलम सांगते. परंतु कराला कायद्याचा आधार असणे ही एक गोष्ट आणि तो आधार कर भरणाऱ्याला दिसणे ही दुसरी गोष्ट. पहिली अट आपल्याकडे बहुतांशी पाळली जाते. दुसरीकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष नाही. सीमाशुल्काबद्दल सामान्य माणसाचे खरे गाऱ्हाणे पैसे द्यावे लागतात हे नसून, ते कोणत्या न्यायाने द्यावे लागतात हे कोणी सांगत नाही, हे आहे.

शुल्काचे दोन हेतू

वेशीवर येणाऱ्या मालावर कर घेण्याची प्रथा या देशात फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बाहेरून येणाऱ्या मालावर त्याच्या किमतीचा पाचवा हिस्सा शुल्क म्हणून सांगितला आहे. महाराष्ट्राच्या इतिहासात तर याहून बोलके उदाहरण सापडते. शिवाजी महाराजांनी १६७१ साली कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना पाठविलेल्या पत्रात बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसविण्याची आज्ञा आहे. बारदेश तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. तिकडचे मीठ स्वस्त पडले, तर व्यापारी तिकडेच वळतील आणि संगमेश्वरकडच्या मिठाचा व्यापार बुडेल, हे ओळखून दोहोंच्या किमतीतील अंतर जकातीने भरून काढण्याचा तो विचार होता. खजिन्यात भर पडावी हा शुल्काचा एक हेतू, आणि आपल्या मुलखातील उत्पादकाला आधार मिळावा हा दुसरा, हे सूत्र साडेतीनशे वर्षांपूर्वी कोकणात इतक्या स्पष्टपणे समजलेले होते.

हेच शस्त्र उलट्या हाताने वापरले की काय होते, हेही या देशाने पाहिले आहे. १८९६ साली ब्रिटिश सरकारने विलायती कापडावरील आयात शुल्क साडेतीन टक्क्यांवर आणले, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तेवढीही अडचण वाटू नये म्हणून हिंदी गिरण्यांच्या कापडावर तितकेच उत्पादन शुल्क बसविले. मुंबईच्या गिरण्यांच्या मानेवरचे हे जू १९२६ साली कायमचे उतरले. म्हणजे तीस वर्षे ते राहिले. शुल्काचा दर हा निव्वळ अंकगणिताचा विषय नसून तो कोणाच्या हितासाठी ठरविला जातो याला महत्त्व आहे, हा त्यातील धडा होय.

स्वातंत्र्यानंतर १९६२ चा सीमाशुल्क अधिनियम आणि १९७५ चा सीमाशुल्क दर अधिनियम या दोन कायद्यांवर आजची व्यवस्था उभी राहिली. पुढे संरक्षणाचा हेतू इतका बळावला की १९९१ पूर्वी काही वस्तूंवरील शुल्क तीनशे टक्क्यांच्याही वर गेले होते. त्याचा परिणाम काय झाला, हे मुंबईकरांना सांगावयास नको. घड्याळे, ट्रान्झिस्टर आणि सोने आडवाटेने किनाऱ्यावर उतरू लागले आणि तस्करांना स्थानबद्ध करण्यासाठी १९७४ साली स्वतंत्र कायदा करण्याची पाळी सरकारवर आली. १९९१ च्या जुलैमधील अर्थसंकल्पाने कमाल दर दीडशे टक्क्यांवर आणला, आणि २००७ पर्यंत बिगरशेती मालावरील सर्वसाधारण कमाल दर दहा टक्क्यांपर्यंत उतरला. दर असे खाली आले. परंतु त्या दरांची भाषा सामान्य माणसाच्या आवाक्यात आली नाही.

शुल्कावर कर

वास्तविक हा हिशेब फार कठीण नाही. त्याला तीन प्रश्नांची उत्तरे लागतात : वस्तूचे मूल्य किती, ती कोणत्या वर्गात मोडते, आणि त्या वर्गाचा दर कोणता.

पहिल्याच प्रश्नात पुष्कळांची फसगत होते. विक्रेत्याला दिलेली किंमत म्हणजे शुल्काचे मूल्य नव्हे. त्या किमतीत वाहतुकीचा आणि विम्याचा खर्च मिळवावा लागतो. वाहतुकीचा नेमका खर्च कळत नसेल, तर मालाच्या किमतीच्या वीस टक्के, आणि विम्याचा कळत नसेल, तर १.१२५ टक्के धरावा, असे मूल्यांकनाचे २००७ चे नियम सांगतात. परकीय चलनाचे रुपयांत रूपांतरही बाजारातील अथवा बँकेतील दराने होत नाही. सीमाशुल्क खात्याने जाहीर केलेल्या दराने होते.

दुसरा प्रश्न वर्गीकरणाचा. जगातील यच्चयावत वस्तूंना अनुक्रमांक देणारी एक पद्धती ब्रुसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटनेने तयार केली आहे. तिचे पहिले सहा अंक बहुतेक सर्व देशांत सारखे असतात. भारतात ते आठ अंकांपर्यंत नेले आहेत. व्यापाऱ्याच्या मालाला हा अंक अचूक लावणे हे मोठे कौशल्याचे, आणि कित्येकदा वर्षानुवर्षे चालणाऱ्या वादाचे काम असते. व्यक्तीने स्वतःच्या उपयोगासाठी टपालाने मागविलेल्या शुल्कपात्र वस्तूंसाठी मात्र, काही अपवाद सोडले, तर ९८०४ हे एकच शीर्षक ठेवलेले आहे.

तिसरा प्रश्न दराचा, आणि येथेच खरी मेख आहे. दर एक नसून अनेक आहेत, आणि ते एकावर एक रचलेले आहेत. प्रथम मूळ सीमाशुल्क. त्या शुल्काच्या रकमेवर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, जो २०१८ साली शिक्षण उपकराच्या जागी आला. त्यानंतर मूल्य, शुल्क आणि अधिभार या तिन्हींच्या बेरजेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर, जो १ जुलै २०१७ पासून लागू झाला. काही वस्तूंवर याखेरीज कृषी पायाभूत सुविधा उपकर असतो, तो वेगळा.

उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. एका वस्तूची किंमत १०,००० रुपये आहे असे समजू. वाहतुकीचे २,००० आणि विम्याचे ११२ रुपये ५० पैसे मिळवून तिचे मूल्य १२,११२ रुपये ५० पैसे होते. मूळ शुल्क दहा टक्के आणि एकात्मिक कर अठरा टक्के धरला, तर शुल्काचे सुमारे १,२११ रुपये, त्यावर अधिभाराचे १२१ रुपये, आणि या सर्वांच्या बेरजेवर एकात्मिक कराचे २,४२० रुपये, असे एकूण ३,७५२ रुपये भरावे लागतात. दहा आणि अठरा मिळून अट्ठावीस, म्हणजे २,८०० रुपये पडतील अशा हिशेबाने बसलेल्या माणसाला साडेनऊशे रुपये अधिक मोजावे लागतात. यात कोणी लबाडी केलेली नाही. कायदाच तसा आहे. परंतु ज्याला हे सांगितलेच गेले नाही, त्याला ती लबाडी वाटली, तर त्याला दोष कसा द्यावा?

दर चढे असले की ही रचना किती वाढते, हेही पाहण्यासारखे आहे. काही वर्षांपूर्वी ९८०४ या शीर्षकाखाली मूळ शुल्क पस्तीस टक्के आणि एकात्मिक कर अठ्ठावीस टक्के होता. दोहोंची सरळ बेरीज त्रेसष्ट; प्रत्यक्ष भार मात्र ७७.२८ टक्के. नंतर मूळ शुल्काचा हा दर खाली आणला गेला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराच्या टप्प्यांचीही फेरमांडणी झाली. सुधारणा झाली हे मान्य केले पाहिजे. परंतु ती झाल्याचे पार्सल घेणाऱ्याला कळले काय, हा प्रश्न उरतोच.

भेट, राखी आणि गैरसमज

या अज्ञानातून काही समजुती रूढ झाल्या आहेत आणि त्या लोकांना महागात पडतात. ‘भेट’ असे लिहिले की शुल्क माफ होते, ही त्यांतील सर्वांत पसरलेली समजूत. एके काळी लहान रकमेच्या भेटींना तशी सवलत होती. परंतु तिचा आडोसा घेऊन विक्रीचा माल भेटीच्या नावाने येऊ लागला, तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये परकीय व्यापार महासंचालनालयाने टपालाने व कुरिअरने भेट म्हणून शुल्कमुक्त माल आणण्यास मनाई केली. त्यातून प्राणरक्षक औषधे आणि राखी एवढेच वगळले. राखीबरोबर मिठाई अथवा अन्य भेटवस्तू आली, तर तिला ही सवलत नाही. पूर्ण शुल्क भरून भेट आणता येते. ‘भेट’ या शब्दाने शुल्क टळत नाही, इतकेच.

शंभर रुपयांपर्यंतचे शुल्क वसूल करू नये, अशी कायद्याच्या २५ व्या कलमात तरतूद आहे. वरील दराने हिशेब केला, तर वाहतूक व विमा धरून सुमारे ३२३ रुपये मूल्याची वस्तू तिच्यात बसते. विमानाने येणाऱ्या प्रवाशाच्या सामानाला मिळणारी मोठी सवलत पार्सलला लागू नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते. मुलाने स्वतःबरोबर आणलेली वस्तू विनाशुल्क येते आणि तशीच वस्तू टपालाने पाठविली की शुल्क पडते, तेव्हा घरच्यांना तो अन्याय वाटतो. वस्तुतः नियम दोन आहेत. कुरिअर कंपनी शुल्काबरोबर आपली हाताळणीची फी जोडते आणि तीही सरकारच्याच नावावर खपते. ‘किंमत कमी लिहून पाठव’ असा सल्ला तर सहज दिला जातो. खोटी किंमत दाखविलेला माल जप्तीस पात्र ठरतो आणि दंडही होऊ शकतो, हे सल्ला देणाऱ्याला माहीत नसते आणि पार्सल अडकले की पस्तावण्याची वेळ घेणाऱ्यावर येते.

माफी की मेहेरबानी?

व्यापारी आणि सामान्य माणूस यांच्यातील आणखी एक फरक सहसा बोलला जात नाही. नोंदणीकृत व्यापाऱ्याने आयातीवर भरलेला एकात्मिक कर त्याला पुढील विक्रीवरील करातून सामान्यतः वळता करून घेता येतो. शिक्षकाला अथवा कारकुनाला ती सोय नाही. त्याच्यापाशी कराचा प्रवास संपतो. अंतिम उपभोक्त्यानेच हा कर सोसावा हे त्या कराचे तत्त्व असल्याने यात तक्रारीला जागा नाही, असे कोणी म्हणेल. ते खरेही आहे. परंतु जो संपूर्ण भार सोसतो, त्यालाच हिशेब सर्वांत कमी कळावा, हे कोणत्या तत्त्वात बसते?

हे केवळ हौसेच्या वस्तूंपुरते असते, तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत प्राणवायूवाचून माणसे तडफडत होती, तेव्हा परदेशातील आप्तांनी प्राणवायू यंत्रे धाडली. सरकारने मूळ शुल्क माफ केले. परंतु राज्य सरकारने मान्य केलेल्या संस्थेमार्फत मोफत वाटपासाठी आलेल्या यंत्राला एकात्मिक करही माफ, आणि थेट रुग्णाच्या नावे भेट आलेल्या यंत्रावर मात्र बारा टक्के कर, असा भेद झाला. दिल्लीतील एका वृद्ध नागरिकाने त्याविरुद्ध दाद मागितली. दिल्ली उच्च न्यायालयाने २१ मे २०२१ रोजी ही आकारणी घटनाबाह्य ठरविली. १ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. आणि १२ जून रोजी वस्तू व सेवा कर परिषदेने हा दर पाच टक्क्यांवर आणला. कायद्याच्या दृष्टीने कोणाचे म्हणणे बरोबर, हा भाग वेगळा. श्वासासाठी झगडणाऱ्या माणसाला कर किती हे ठरविण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, ही गोष्ट मात्र विसरता येत नाही.

दुर्मीळ आजारांवरील औषधांची कथा याहून वेगळी नव्हती. कोट्यवधी रुपये किमतीच्या औषधावरील कर माफ व्हावा म्हणून आईबापांनी अर्जविनंत्या कराव्यात, लोकप्रतिनिधींनी पत्रे लिहावीत आणि मग एकेका प्रकरणात सूट मिळावी, असे काही काळ चालले. सप्टेंबर २०२१ मध्ये परिषदेने अशा काही औषधांना वैयक्तिक आयातीपुरते करमुक्त केले. १ एप्रिल २०२३ पासून तर राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात समाविष्ट असलेल्या सर्व आजारांवरील, रुग्णाच्या वापरासाठी आणलेल्या औषधांना आणि विशेष आहाराला मूळ सीमाशुल्कातून पूर्ण सूट मिळाली. आरोग्य सेवा संचालक, जिल्हा वैद्यकीय अधिकारी अथवा जिल्हा शल्यचिकित्सक यांचे प्रमाणपत्र त्यासाठी पुरते. पूर्वी जी मेहेरबानी होती, तिचा असा नियम झाला. अर्जदाराची ओळख कोणाशी आहे, यावर आता काही अवलंबून राहिले नाही. सुधारणा कशी असावी याचा हा उत्तम नमुना होय. तथापि जिल्हा रुग्णालयातून मिळणाऱ्या एका प्रमाणपत्राने शुल्क वाचते, ही माहिती ज्याच्या घरात तो आजार आहे त्याच्यापर्यंत पोहोचली नाही, तर नियम कागदावरच राहील.

सरकारची बाजू

सरकारच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. लहान पार्सलांना सरसकट सूट द्यावी, ही मागणी आकर्षक असली, तरी तीत धोका आहे. गावातील दुकानदार कर भरून माल विकतो. त्याच्या शेजारच्या घरात तोच माल परदेशातून करावाचून यावा, हे न्याय्य नाही. हा अनुभव एकट्या भारताचा नाही. युरोपीय संघाने बावीस युरोपर्यंतच्या मालाला असलेली मूल्यवर्धित करातील सूट १ जुलै २०२१ पासून काढून घेतली. अमेरिकेनेही आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबविली. तेव्हा कर नकोच, असे म्हणण्यात अर्थ नाही. १६७१ च्या त्या पत्रातील न्याय आजही खोटा ठरलेला नाही.

परंतु त्याच न्यायाची कसोटी प्रत्येक दराला लावली पाहिजे. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पाने परदेशी छापील पुस्तकांवर पाच टक्के शुल्क बसविले. देशी प्रकाशन व मुद्रण व्यवसायाला उत्तेजन मिळावे, हा त्यामागचा हेतू सांगितला गेला. कापड अथवा मीठ यांची गोष्ट वेगळी; तेथे एका मालाची जागा दुसरा माल घेऊ शकतो. एखाद्या विषयावरील एका विद्वानाच्या ग्रंथाची जागा दुसरा ग्रंथ कसा घेणार? संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला जो ग्रंथ हवा, तो हवाच असतो. पाच टक्क्यांनी कोणी बुडत नाही हे खरे. पण ज्या शुल्काने कोणाचे संरक्षण होत नाही आणि खजिन्यातही फारशी भर पडत नाही, ते कशासाठी घ्यावयाचे, याचे उत्तर मिळावयास हवे.

एक साधा कागद

मग उपाय काय? तो मोठ्या खर्चाचा नाही. शुल्क लागलेल्या प्रत्येक पार्सलबरोबर त्या राज्याच्या भाषेत, म्हणजे महाराष्ट्रात मराठीत, एक साधा कागद यावा. वस्तूचे धरलेले मूल्य, चलनाचा दर, वर्गीकरणाचा अंक, मूळ शुल्क, अधिभार, एकात्मिक कर आणि कुरिअरची फी, असे सात आकडे त्यावर वेगवेगळे असावेत. त्यांखाली दोन ओळी असाव्यात : ही आकारणी मान्य नसल्यास साठ दिवसांच्या आत सीमाशुल्क आयुक्त (अपील) यांच्याकडे दाद मागता येते, आणि अपील कोठे पाठवावयाचे तो पत्ता. अपिलाचा हा हक्क कायद्याच्या १२८ व्या कलमाने दिलेलाच आहे. तो नव्याने द्यावयाचा नाही, केवळ कळवावयाचा आहे. आकारणी स्वतः करून देणाऱ्या व्यापाऱ्याचा हिशेब अधिकाऱ्याने बदलला आणि व्यापाऱ्याने तो बदल मान्य केला नाही, तर पंधरा दिवसांत सकारण आदेश देण्याचे बंधन कायद्याने अधिकाऱ्यावर घातले आहे. टपालाच्या पार्सलाची आकारणी कार्यालयातच होते आणि घेणाऱ्याला तिची कारणे विचारण्याची संधीही मिळत नाही. व्यापाऱ्याला मिळणाऱ्या त्या कारणांचा अल्पसा भाग शिक्षकालाही मिळावा, एवढेच मागणे आहे.

याच्या जोडीला पोस्टाच्या कचेऱ्यांत दरांचा आणि सवलतींचा मराठी तक्ता लागावा. अर्थसंकल्पाने दर बदलले की तोही बदलला जावा. दुर्मीळ आजारांवरील औषधांच्या सवलतीची माहिती प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या फलकावर असावी. आणि शाळा-महाविद्यालयांतील वाणिज्याच्या पाठात आयात शुल्काची व्याख्या पाठ करून घेण्याऐवजी एका पार्सलाचा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. ती आपल्या आईबापांना तो समजावून सांगतील.

कराचा भार आणि कराचा जाच यांत अंतर आहे. भार हा रकमेचा असतो आणि राज्य चालावयाचे, तर तो कोणाला तरी उचलावाच लागतो. जाच उत्पन्न होतो तो रकमेचे कारण न सांगितल्याने. दारात उभ्या असलेल्या पोस्टमनच्या हातात आकड्याबरोबर त्याचा हिशेबही असेल, तर पैसे देणारा माणूस कदाचित कुरकुर करील. पण संशय घेणार नाही. आपल्याच नागरिकांच्या मनातील हा संशय दूर करण्यासाठी सरकारला एका कागदापलीकडे काही खर्चावे लागणार नाही.